पत्रिका कधी ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही

प्रश्न : आमच्या गावच्या नाट्यमंडळाची मी खजिनदार. हिशेब आणि यंदाची स्मरणिका अशी दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. जुन्या संहिता आणि लेख पीडीएफमध्ये मिळाले. ते वर्डमध्ये घ्यायचे म्हणून गूगलवर शोधलं आणि पहिलाच दिसलेला फुकटचा ‘कन्व्हर्टर’ लॅपटॉपवर (विंडोज ११) घातला. त्या दिवसापासून ब्राउझर उघडला की भलतंच पान येतं आणि खालच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ अशी पाटी सारखी उगवते. मंडळाच्या बँक खात्याचे व्यवहार मी याच लॅपटॉपवरून करते, पासवर्डही ब्राउझरमध्येच साठवलाय. त्यात काल धाकट्या दिराच्या व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरावरून लग्नपत्रिका म्हणून फाइल आली. त्याने ‘इन्स्टॉल’ दाबलं, पण काहीच उघडलं नाही. अजून मराठी फॉन्ट आणि नाटकासाठी पार्श्वसंगीत उतरवायचं आहे, आणि आता हात लावायलाच भीती वाटते. अँटिव्हायरस विकत घेऊ का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, आधी दिराचा फोन हातात घ्या. लॅपटॉपचं काम तासाभराने झालं तरी चालेल, फोनचं नाही.

‘काहीच उघडलं नाही’ हीच तर खूण आहे. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये नवं ॲप बसवणारी फाइल. अशी ॲप बसल्यावर आपलं चिन्ह लपवतात, एसएमएस वाचायची परवानगी मिळवतात आणि बँकेचा ओटीपी आला की तो गुपचूप पुढे पाठवतात. फोन दिराच्या खिशात, पण ओटीपी दुसऱ्याच्या हातात. म्हणून फोन लगेच एरोप्लेन मोडवर टाका आणि वायफाय वेगळं चालू राहिलं नाही ना, तेही बघा. नुसता मोबाइल डेटा बंद करून भागत नाही, कारण काही ॲप ओटीपी साध्या एसएमएसनेही पुढे ढकलतात.

मग दुसऱ्या फोनवरून त्याच्या बँकेला कळवा आणि नेटबँकिंग, यूपीआय, कार्ड तात्पुरतं बंद करायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकावरचा किंवा कार्डाच्या पाठीवरचाच घ्या. गूगलवर शोधून घेऊ नका, तिथे बनावट ‘कस्टमर केअर’ नंबर पेरलेले असतात आणि घाबरलेला माणूस नेमका त्यांनाच सापडतो. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर त्याच मिनिटाला १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर फिरवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. तक्रार लवकर पोहोचली तर ते वाटेत गोठवता येतात. लेखी तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर नोंदवता येते, आणि गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे. व्हॉट्सॲपवरचा तो निरोप, नंबर, वेळ यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. फोन साफ करण्याच्या घाईत पुरावा पुसला जातो.

आता ते ॲप काढायचं. सेटिंग्ज, ॲप्स, ‘सी ऑल ॲप्स’. यादीत बिननावाचं, कोऱ्या चिन्हाचं किंवा ‘इन्व्हिटेशन’सारख्या नावाचं काही दिसलं तर अनइन्स्टॉल करा. बटण फिकट पडलं असेल, दाबलं जात नसेल, तर त्या ॲपने ‘डिव्हाइस ॲडमिन’चा हक्क मिळवलेला असतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘डिव्हाइस ॲडमिन’ लिहा, त्याच्यापुढची खूण काढा, मग ॲप निघेल. इथेच थांबू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्या फोनमध्ये बँकेचं ॲप आणि बँकेला जोडलेलं सिम आहे, तो फोटो-संपर्क बाजूला काढून फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करावा. दोन तासांचा त्रास आहे, पण एक ॲप काढलं म्हणजे त्याने मागून आणखी काही बसवलं नाही, याची खात्री कोण देणार? रीसेटनंतर यूपीआय पिन आणि बँकेचे पासवर्ड बदलायचे, व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसला तर काढायचा आणि ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करायचं. कॉल कुठे वळवलेले नाहीत ना, हे *#२१# फिरवून कळतं. वळवलेले असतील तर ##००२# ने ते रद्द होतात.

आणि ज्याच्या नंबरावरून पत्रिका आली त्याला साधा फोन करून सांगा. बहुतेक त्याने ती पाठवलेलीच नाही. त्याचा फोन असाच ताब्यात गेला असेल आणि पत्रिका त्याच्या सगळ्या गटांत फिरत असेल. लग्नसराईत लग्नपत्रिका, एरवी वाहतूक दंडाचं चलन, बँकेचे ‘रिवॉर्ड पॉइंट’, सरकारी योजनेची यादी अशी रूपं बदलतात, एपीके तीच. पत्रिका ही चित्र, पीडीएफ किंवा व्हिडिओ असते. ती उघडते, तिला ‘इन्स्टॉल’ करावं लागत नाही. घरातल्या मोठ्यांना सगळं समजावणं जमत नसेल, तर एवढं एक वाक्य पुरे.

आता तुमचा लॅपटॉप. इथे क्रम महत्त्वाचा आहे. बँकेचा पासवर्ड आधी बदला, पण दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून. त्या कन्व्हर्टरबरोबर पासवर्ड चोरणारं काही आलं असेल तर याच लॅपटॉपवर टाइप केलेला नवा पासवर्डही त्याच्या हाती जाईल. ईमेलचाही बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांची किल्ली ईमेलमध्ये असते. गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ विभागात ‘युवर डिव्हाइसेस’ असं आहे, तिथून ओळखीची नसलेली प्रत्येक जागा साइन आउट करा. असे चोर ब्राउझरमधली ‘लॉगिन झालेली’ खूण, म्हणजे कुकी, सुद्धा उचलतात. ती चोराकडे असली तर त्याला पासवर्डाची गरजच पडत नाही.

‘५ व्हायरस’ची पाटी मात्र दिसते तेवढी भयंकर नाही. कुठल्या तरी संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू का?’ विचारलं आणि ‘अलाऊ’ दाबलं गेलं, एवढंच घडलेलं असतं. मग ते खोट्या धमक्या दाखवून नकली अँटिव्हायरस विकत बसतं. पाटीवर क्लिक करू नका. क्रोममध्ये सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे जा आणि परवानगी मिळालेल्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. पाटी तिथल्या तिथे थांबेल.

भलतं पान उघडतं ते कन्व्हर्टरबरोबर आलेल्या पाहुण्यांमुळे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडा आणि यादी तारखेप्रमाणे लावा. कन्व्हर्टर घातला त्याच दिवशी आणखी दोन-तीन नावं दिसली तर आश्चर्य वाटू देऊ नका, सगळी काढा. मग क्रोमची एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी ॲप, तपासा आणि शेवटी क्रोमच्या सेटिंग्जमधून ‘रीसेट सेटिंग्ज’ करा. त्याने बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, पण उघडणारं पान आणि शोधयंत्र मूळ जागी येतात. हे झालं की ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘स्कॅन ऑप्शन्स’, तिथे सर्वांत खालचा ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्यांना आडोसा मिळत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा आणि चार्जर लावून ठेवा. यातही पासवर्डचोर सापडला, तर कागदपत्रांची प्रत काढून ‘रीसेट धिस पीसी’मधून सगळं पुसून विंडोज नव्याने बसवा. मंडळाचे पैसे तुमच्या भरवशावर आहेत, तिथे ‘बहुतेक गेलं असेल’ चालणार नाही. साफ झाल्यावर बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये पुन्हा साठवू नका.

चूक कुठे झाली ते बघू. कन्व्हर्टर शोधला यात काही वावगं नाही. ‘पहिलाच दिसलेला’ घेतला, तिथे पाय घसरला. गूगलच्या यादीत वर जे दिसतं त्यावर बरेचदा ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे ती पैसे देऊन घेतलेली जागा. २०२२ साली ‘जिम्प’ हे चित्रसंपादनाचं मोफत सॉफ्टवेअर शोधणाऱ्यांना एक जाहिरात दिसत होती. तिच्यात पत्ता खराखुरा जिम्पचा दिसे, पण क्लिक केल्यावर माणूस हुबेहूब बनावट पानावर जाई आणि तिथून पासवर्ड चोरणारी फाइल उतरे. म्हणून सॉफ्टवेअर उतरवताना जाहिरातीवरून कधीच जाऊ नका. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा आणि पोहोचल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता पुन्हा वाचा. पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या लगेच डावीकडे जे असतं, तेच खरं घर. ‘गव्ह’ आणि ‘इन’ हे दोन शब्द पत्त्यात कुठे तरी असून चालत नाही. सरकारी पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’वर (काही जुने ‘डॉट एनआयसी डॉट इन’वर) संपायला हवा. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. वाटेत कोणी बोलणं ऐकत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. या गैरसमजापायीच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप काढून टाकलं.

फाइल उतरली म्हणजे घात झाला असं सहसा होत नाही. डाउनलोड्स फोल्डरमध्ये ती नुसती पडून असते. डबल क्लिक केल्यावर ती कामाला लागते. मधलं मिनिट तुमचं आहे. म्हापशाच्या बाजारात बांगडा घेताना आपण कल्ला उचलून बघतो, विकणारी काय म्हणते त्यावर जात नाही. फाइलचा कल्ला म्हणजे तिच्या नावातली शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं. पंचाईत अशी की विंडोज ती मुळात लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ यावर खूण करा. हे आजच करा. मग जी फाइल ‘संहिता डॉट पीडीएफ’ दिसत होती ती ‘संहिता डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ आहे हे उघड होईल. कधी मध्ये पन्नास-साठ रिकाम्या जागा घालून शेवट दृष्टीआड ढकललेला असतो, म्हणून स्तंभ रुंद करून ‘टाइप’ही वाचा.

ईएक्सई आणि एमएसआय म्हणजे सॉफ्टवेअर. मागितलं असेल तरच त्यांना हात लावायचा. एससीआर, बीएटी, जेएस, व्हीबीएस, एलएनके ही अक्षरं लेख, फोटो किंवा गाणं म्हणून आली तर फाइल थेट पुसा. त्यांना त्या कामात जागाच नाही. डॉकएम आणि एक्सएलएसएम ही मॅक्रो, म्हणजे कागदपत्राच्या पोटात लिहिलेल्या आज्ञा, असलेली वर्ड-एक्सेलची कागदपत्रं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली. कोणी ‘प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा’ असं शिकवत असेल तर त्याचा हेतूच वाईट आहे असं समजा. झिप फाइल स्वतः पिशवी आहे, आत काय आहे ते बघून मगच उघडायचं. पासवर्ड असलेली झिप आणि तो पासवर्ड त्याच निरोपात लिहिलेला, अशी जोडी दिसली तर सावध व्हा. कुलूप तुमच्यासाठी नसतं. आत डोकावणाऱ्या अँटिव्हायरसला बाहेर ठेवण्यासाठी असतं.

एका नव्या डावाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण त्यात फाइल दिसतच नाही. ‘मी रोबोट नाही’ असं पान येतं आणि सांगतं : विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. त्या पानाने एक घातक आज्ञा तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे थांबतं तिथे, आधीच ठेवलेली असते आणि ती चालवण्याचं काम ते तुमच्याच बोटांकडून करून घेतं. असं काही कळफलकावर करायला खरं कॅपचा कधीही सांगत नाही. पान बंद करा.

आता स्मरणिका. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी अनोळखी सॉफ्टवेअर उतरवायची गरजच नाही. वर्ड २०१३ पासून पुढचं वर्ड पीडीएफ थेट उघडतं : ‘फाइल’, ‘ओपन’, पीडीएफ निवडा. पण जुन्या मराठी पीडीएफचं पुष्कळदा वेगळंच दुखणं असतं. ती युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टांत बांधलेली असतात, म्हणजे पडद्यावर ‘क’ दिसतो आणि पोटात भलतंच रोमन चिन्ह असतं. म्हणून कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो, आणि लोकांना वाटतं की आपला कन्व्हर्टर चांगला नाही. मग ते दुसरा शोधतात, तिसरा शोधतात. कोणताही साधा कन्व्हर्टर हे दुरुस्त करू शकत नाही, कारण आत मराठी मजकूर नाहीच. त्यावर उपाय चित्रावरून वाचण्याचा. पानाचा स्वच्छ स्क्रीनशॉट किंवा जेपीजी गूगल ड्राइव्हवर चढवा, उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’, ‘गूगल डॉक्स’. चित्राखाली युनिकोड मराठी मजकूर येतो. प्रत्येक चित्र २ एमबीच्या आत ठेवा आणि सरळ धरा. जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतात, तेव्हा मुद्रितशोधन करावंच लागेल, पण टाइप करण्यापेक्षा कितीतरी कमी. मात्र खातेक्रमांक, आधार, सभासदांच्या याद्या असली कागदं कुठल्याही अनोळखी ‘ऑनलाइन कन्व्हर्टर’वर चढवू नका. तिथे प्रत राहिली की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्येच कळफलक आहे. सेटिंग्ज, ‘टाइम अँड लँग्वेज’, मराठी भाषा जोडा आणि तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ घ्या. २०१९ च्या मे अपडेटपासून तो विंडोजचाच भाग आहे. फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात, छापायलाही मुभा असते. मुक्त, बलू, तिरो देवनागरी मराठी, नोटो सेरिफ देवनागरी एवढे हाताशी असले तर मथळ्यापासून मजकुरापर्यंत स्मरणिका छान सजते. उतरलेल्या झिपमध्ये टीटीएफ किंवा ओटीएफ फाइली असतात. उजवं क्लिक, ‘इन्स्टॉल’. इन्स्टॉल हा शब्द इथे योग्य, कारण फॉन्ट हा बसवायचाच असतो. पण फॉन्ट म्हणून ईएक्सई आली तर ती फॉन्ट नाही. विकतच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ कॉपी कोणी प्रेमाने देऊ केली तर नको म्हणा. अशा कॉपीबरोबर हमखास सूचना येते, ‘बसवताना अँटिव्हायरस बंद ठेवा’. राखणदाराला झोपवायला सांगणाऱ्याला घरात घ्यायचं कशाला?

पार्श्वसंगीतासाठी यूट्यूब स्टुडिओमधलं ‘ऑडिओ लायब्ररी’ वापरा. गाणी एमपी३ म्हणून सरळ उतरतात, श्रेय द्यायचं की नाही ते शेजारीच लिहिलेलं असतं. यूट्यूबवरून गाणी ओढून देणारी पानं मात्र टाळा. तिथे ‘डाउनलोड’ची चार बटणं असतात, त्यातली तीन जाहिरातींची, आणि सूचनांची ती परवानगी बहुधा अशाच पानावर मागितली जाते.

सॉफ्टवेअर खरंच लागलं, समजा व्हीएलसी, तर ‘व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग’ हे त्याचं घर. बसवताना ‘एक्स्प्रेस’ सोडून ‘कस्टम’ निवडा म्हणजे लादलेले पाहुणे दिसतात आणि खुणा काढता येतात. फाइलवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ इथे बनवणाऱ्याचं नाव असायला हवं. काही मोफत सॉफ्टवेअरांवर सही नसते, तेव्हा हॅश उपयोगी पडतो, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत ‘गेट-फाइलहॅश’ (Get-FileHash) लिहून जागा सोडा, फाइल तिथे ओढून टाका, एंटर दाबा. ६४ अक्षरांची रांग येते. ती बनवणाऱ्याने छापलेल्या रांगेशी तंतोतंत जुळली पाहिजे. मे २०१७ मध्ये ‘हँडब्रेक’ या मोफत व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या दोनपैकी एका डाउनलोड सर्व्हरवर घुसखोरांनी मॅकसाठीची फाइल बदलली होती. संकेतस्थळ खरं, फाइल खोटी. अशी अदलाबदल हॅशमध्ये पकडली जाते. पावसात वीज जाऊन डाउनलोड तुटलं तरी हॅश जुळत नाही. तेव्हा घाबरू नका, अर्धी फाइल पुसून पुन्हा उतरवा. संशय उरला तर फाइल ‘व्हायरसटोटल’वर चढवा, सत्तरच्या आसपास तपासयंत्रं एकाच वेळी ती बघतात, मर्यादा ६५० एमबी. तिथे चढवलेली फाइल इतर संस्थांनाही दिसू शकते, तेव्हा सॉफ्टवेअर चढवा, मंडळाचा ताळेबंद नको.

अँटिव्हायरस विकत घेऊ नका. विंडोजमधला डिफेंडर आणि वेळच्या वेळी अपडेट तुमच्या कामाला पुरेसे आहेत. तेच पैसे एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घाला. संहिता, हिशेब, स्मरणिकेची पानं दर आठवड्याला तिच्यावर उतरवा आणि काम झालं की वायर काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली ठेवली, तर फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावरच्या प्रतींनाही कुलूप लावतो.